जपानी स्मरणगीते आणि हुरहुरीचे कारण

जपानी भाषेत 'नात्सुमेरो' असा एक जोडशब्द रूढ आहे. 'नात्सुकाशिई' या विशेषणाचा आरंभ आणि इंग्रजीतून तिकडे गेलेल्या 'मेलडी' शब्दाचा तुकडा यांच्या संयोगाने तो बनला असून, ऐकताच गतकाळ जागविणारी जुनी लोकप्रिय गीते असा त्याचा अर्थ होतो. 'नात्सुकाशिई'स मराठीत नेमका प्रतिशब्द मिळणे कठीण आहे. ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ लळा लागणे असा आहे. त्यामुळे त्यातील हुरहुरीत लळ्याची ऊबही असते. आपल्या समीक्षेत रुळलेला 'स्मरणरंजन' हा शब्द त्याच्या जवळ जातो खरा. पण त्यास जो किंचित उपहास चिकटला आहे, त्याचा जपानी शब्दात मागमूस नाही.

अशा गीतांचा विचार साहित्यसमीक्षेत करावा काय, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. कागदावर वाचली असता त्यांतील बरीचशी विरळ वाटतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ही विरळता म्हणजे दोषच, असे समजून पुढे जाण्यापूर्वी ती काय कार्य करते, हे तरी पाहिले पाहिजे. त्यासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण म्हणजे १९६१ साली क्यू साकामोतो या तरुण गायकाने गायिलेले 'उए ओ मुइते अरुको' हे गीत. शब्द रोकुसुके एई यांचे, चाल हाचिदाई नाकामुरा यांची. डोळ्यांतील पाणी ओघळू नये म्हणून वर पाहत एकट्याने रात्री चालत राहणे, एवढाच त्याचा विषय. चाल मात्र हलकी आणि मोकळी. मध्ये चक्क शीळही आहे. गाणारा का रडतो आहे, हे गीत अखेरपर्यंत सांगत नाही.

आपल्या रसव्यवस्थेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे अनुभाव आहे, विभाव नाही. अश्रू दिसतात, त्यांचे आलंबन दिसत नाही. ती जागा श्रोता आपल्या पदरच्या दुःखाने भरतो. साधारणीकरणाचा याहून सोपा मार्ग कोणता असणार? १९६३च्या जूनमध्ये हे गीत अमेरिकेतील प्रमुख गीतक्रमावलीत पहिल्या स्थानी गेले आणि तीन आठवडे तेथे राहिले. तेही जपानी शब्दांसह. तेथील बहुसंख्य श्रोत्यांस त्यातील एक अक्षर कळत नव्हते. विक्रेत्यांनी त्यास नाव दिले 'सुकियाकी'. सुकियाकी हा गोमांस आणि भाज्या घालून शिजविण्याचा एक पदार्थ आहे. गीताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एखाद्या विरहगीतास परदेशात 'झुणका' म्हणून विकावे, तसाच हा प्रकार झाला.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट आहे, परंतु येथेच आम्हांस खरी अडचण जाणवते. १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराच्या नूतनीकरणाविरुद्ध जपानमध्ये प्रचंड आंदोलन झाले. एई स्वतः त्यात सामील होते. विरोध डावलून करार अमलात आला, आणि त्या पराभवाची खिन्नता या गीताच्या मुळाशी आहे, असे सांगितले जाते. ज्या राष्ट्राबरोबरच्या कराराने हे दुःख निपजले, त्याच राष्ट्राने तीन वर्षांनी हे गीत एका पक्वान्नाच्या नावाने डोक्यावर घेतले! कारण वगळल्यामुळे गीत सर्वांचे झाले. पण त्याच वगळण्यामुळे ते ज्यांचे प्रथम होते, त्यांचे विशेष असे काही त्यात उरले नाही. स्मरणगीताची थोरवी आणि त्याचा अपराध एकाच ठिकाणाहून उगवतात.

याच्या अगदी उलट टोकास १९६४ सालचे 'आ, उएनो एकी' हे हाचिरो इझावा यांनी गायिलेले गीत उभे आहे. त्या काळी ईशान्य जपानमधील खेड्यापाड्यांतून नुकतीच माध्यमिक शाळा संपविलेली मुले-मुली खास गाड्यांनी तोक्योस आणून कारखान्यांत व दुकानांत कामास लावली जात. त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. या गौरवात सोने किती आणि अंडी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यांच्या गाड्या उएनो स्थानकावर थांबत. गीत त्या स्थानकाचे नाव घेते, गावाकडून आलेल्या गाडीची चाहूल घेते, आणि पंधरा वर्षांच्या पोराचे परकेपण उघडपणे सांगते. स्थानकाबाहेर आज या गीताची स्मारकशिला आहे. एका पिढीच्या आठवणीचा हा दस्तऐवज आहे. तो परक्याच्या गळ्यात सहज उतरत नाही, आणि म्हणूनच त्यातून उएनोचे नाव कोणी पुसू शकत नाही. काव्यगुणांच्या दृष्टीने आम्ही त्यास साकामोतोंच्या गीताखाली ठेवू. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने तसे ठेवण्याचा धीर होत नाही.

तपशील जपूनही गीत सर्वांचे होऊ शकते काय? लोकप्रिय संगीताच्या उंबरठ्यावरील एक बालगीत या प्रश्नास होकारार्थी उत्तर देते. 'आका तोंबो', म्हणजे लाल चतुर, ही रोफू मिकी यांची १९२१ सालची कविता. तिला कोसाकू यामादा यांनी १९२७ साली चाल दिली. कवीला आपण कोणाच्या तरी पाठुंगळीस असताना पाहिलेला चतुर आठवतो. त्यास सांभाळणारी मुलगी पंधराव्या वर्षी लग्न होऊन जाते, आणि मग गावाकडची पत्रेही थांबतात. सासरी गेलेल्या मुलीची खुशाली न कळणे म्हणजे काय, हे जात्यावरच्या ओव्यांवर वाढलेल्या मराठी वाचकास समजावून द्यावे लागणार नाही. 'पाठीवर घेतलेला' आणि 'पाठलाग झालेला' या अर्थांचे जपानी शब्द उच्चारात सारखेच असल्यामुळे, आपल्यामागे चतुर लागला, अशी अनेक जपानी मुलांची समजूत होते. कविता पाठ करून घेणाऱ्या शिक्षकांस याचे नवल वाटू नये.

या गीताचा स्वरविचारही उद्बोधक आहे. चौथा व सातवा स्वर गाळलेल्या सप्तकास जपानीत 'योनानुकी' म्हणतात. 'यो' म्हणजे चार, 'ना' म्हणजे सात, 'नुकी' म्हणजे वगळणे. मध्यम-निषाद वर्ज्य करून उरतात ते भूपाचेच पाच स्वर. 'आका तोंबो' याच स्वरांत आहे, तो सूर्यास्ताच्या आभाळाने सुरू होतो, आणि आपल्याकडे भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. स्वर जुळले म्हणून राग जुळला, असे आम्ही म्हणणार नाही. चलन वेगळे, न्यासाच्या जागा वेगळ्या. तथापि आपला कान या गीतात परका राहत नाही, त्याचे काही श्रेय या पाच स्वरांस द्यावेच लागेल.

साकामोतो १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमधील विमान अपघातात इतर ५१९ जणांसह मृत्यू पावले. २०११च्या भूकंप व त्सुनामीनंतर त्यांचे गीत पुन्हा देशभर गायिले गेले. पूर्वी ज्या रिकाम्या जागेत राजकीय पराभव होता, तेथे आता गायकाचा मृत्यू आणि वाहून गेलेली गावे येऊन बसली.

शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत अकारण व्याकूळ होतो, आणि ही जन्मांतरीच्या स्नेहाची अबोध आठवण असावी, असा तर्क करतो. कारण याच जन्मातले असते. शापामुळे तेवढे त्यास आठवत नाही. १९६३चा अमेरिकन श्रोता आम्हांस या दुष्यंतासारखा दिसतो, फरक इतकाच की त्याने जे विसरले ते त्यास कधी ठाऊकच नव्हते.

अलीकडे हा प्रकार आणखी पुढे गेला आहे. मिकी मात्सुबारा यांचे 'मायोनाका नो दोआ' हे १९७९ सालचे शहरी थाटाचे गीत २०२०च्या अखेरीस आंतरजालावरून जगभर पसरले. ते ऐकणाऱ्यांतील कित्येक जण ते निघाले तेव्हा जन्मलेही नव्हते. तोक्यो त्यांनी पाहिले नाही, आणि तरी आपले काही हरवल्याची भावना ते सांगतात. ती खोटी आहे, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. परंतु या गीतात निरोपाची एक विशिष्ट रात्र आहे, दाराशी उभी असलेली एक स्त्री आहे, आणि ते गाणारी मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. या नव्या रसिकांपैकी थोड्यांनी तरी शब्दांचा अर्थ शोधून तिच्यापर्यंत जावे, असे वाटते. मात्सुबारा २००४ सालीच, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारल्या.