खेळाचा हेतू आणि खेळाचा अर्थ

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. रॉकेट सरळ वर जावे हा ते बनवणाऱ्या कारागिराचा हेतू असतो. ते प्रत्यक्षात कुठे गेले हे मात्र आकाशाकडे पाहूनच कळते. तेथल्या मुलांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. पण व्हिडिओ गेमच्या राजकीय अर्थावर वाद सुरू झाला, की मोठी माणसेही हा साधा फरक विसरतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली आला. सर्कशीत कसरती करणारी राजी, राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, तिला शस्त्रेही देतात. ग्रीक व नॉर्स पुराणकथांवर खेळ निघतात, तसा भारतीय कथांवरही निघावा, ही निर्मात्यांची भूमिका.

या खेळाचे निदान दोन राजकीय अर्थ लावता येतात. पहिला : ही मुलगी कुणी सोडवायला येईल म्हणून वाट पाहत नाही, स्वतःच सोडवायला निघते. या अर्थाला भक्कम पुरावा आहे, कारण भिंतीवरून धावणे, खांबाला गिरकी घेणे, लढणे हे सारे खेळणाऱ्याला राजी होऊनच करावे लागते. दुसरा : प्राचीन भारत म्हणजे केवळ हिंदू देवदेवतांचा भारत, असे हा खेळ ठसवतो. येथे पुरावा अर्धाच आहे. नावात ‘प्राचीन’ आहे, पण वाडे-महाल राजस्थानी वळणाचे, म्हणजे मध्ययुगातले. निरनिराळे काळ एका शब्दात मिसळले, की असा समज व्हायला वाव मिळतो. ही उणीव दाखवायलाच हवी. मात्र खेळातील शत्रू राक्षस आहेत. कुणा समाजाविरुद्धचा द्वेष त्यात वाचणे म्हणजे निरीक्षणाआधीच निष्कर्ष काढणे होय.

मग निर्मात्याचा शब्द अखेरचा मानावा काय? तसेही नाही. अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट मिळवले. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीचे कसे नागवले जातात, हे त्यांना दाखवायचे होते. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली निघाला. १९३५ साली तो पार्कर ब्रदर्सने बाजारात आणला. आपल्या घरोघरचा ‘व्यापार’ त्याच घराण्यातला. आता इतरांचे दिवाळे निघाले की आपल्याला आनंद होतो! हेतू पेटंटच्या कागदावर राहिला आणि नियमांनी वेगळाच धडा दिला.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांना आवडता खेळ निवडू द्यावा आणि वहीत तीन रकाने आखायला सांगावे : निर्माता काय म्हणतो, खेळात प्रत्यक्ष काय करावे लागते, आपण कोणता अर्थ लावतो. तिसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक विधानाला दुसऱ्या रकान्यातला आधार मागावा. आधार नसेल तर विधान खोडावे, मग ते कितीही आवडते असो. आधार असेल, तर निर्मात्याने नाकारले तरी ते राहू द्यावे.

प्रयोगवहीत आपण निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहायला शिकवतो. मोबाइलवरच्या खेळाला निराळा नियम कशाला?