भाकरी सोडायची का? कमी कर्बोदकांच्या आहाराची झाडाझडती

कोल्हापुरात आहारावर बोलायचं म्हणजे तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासमोर उभं राहून बोलायचं. तेव्हा आधीच सांगतो, कुणाच्या ताटातलं काढून घ्यायला आम्ही आलेलो नाही. प्रश्न साधा आहे : वजन उतरवायला भाकरी-भात सोडायचा हा जो आहार सांगितला जातो, तो आपल्याला मानवेल का?

हा आहार नवा नाही बरं का. 1863 साली लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थानं एक छोटी पुस्तिका छापली. त्यांचा धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी पाव, साखर, बटाटा, बिअर बंद केली आणि वर्षभरात सुमारे 20 किलो वजन उतरवलं. पुस्तिका प्रामाणिक आहे, पण तिची खोड आजही डाएटच्या पुस्तकांत दिसते : एकाला गुण आला की तो सगळ्यांचा नियम होतो. 1972 साली डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकानं हाच विचार पुन्हा घरोघरी नेला.

आपल्याकडं आणखी एक गल्लत होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा आणि चाला. तिथं भर आहे किती वेळा खाता यावर. ऋजुता दिवेकर सांगतात, तूप-भाताला घाबरू नका, आपल्या मातीतलं खा. आणि कमी कर्बोदकांचा आहार विचारतो, ताटात काय आहे? तीन वेगळे विचार, पण आपण त्यांची मिसळ करून खातो. मग वजन उतरलं तरी कशानं उतरलं ते कळत नाही, आणि नाही उतरलं तरी दोष कुणाला द्यायचा ते कळत नाही.

आता हिशेब बघा. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ धरलं, तर झाली 40 ग्रॅम. दिवसाला 130 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर साधारणपणे ‘कमी कर्बोदकं’ म्हणतात. त्यात दोन भाकऱ्या आणि थोडा भात बसतो. पण कीटोसारख्या कडक आहारात मर्यादा 50 ग्रॅमच्या आत. म्हणजे दिवसभरात एक भाकरी, संपलं! मिसळीबरोबरचा ब्रेड गेला, गूळ तर गेलाच. गूळ ‘नैसर्गिक’ आहे म्हणून हिशेबातून सुटत नाही. पांढरा रस्सा मात्र राहतो, पण तो नुसता पिऊन किती दिवस काढणार?

पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो. त्यावर भुलू नका. शरीर ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणी जातं. चरबी त्यामानानं सावकाश जाते.

मग वर्षानंतर काय? 2018 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात 609 लोकांचे दोन गट केले. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी 5.3 किलो घटलं, कमी कर्बोदकांवाल्यांचं 6 किलो. फरक नगण्य. पण दोन्ही गटांत काहींचं भरपूर उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. आमच्या मते या वादाचं मर्म इथं आहे : आहार कुठला, यापेक्षा तो तुमच्याच्यानं निभतो का, हे महत्त्वाचं.

याचा अर्थ हा आहार फोल आहे असा नाही. आपलं ताट धान्यानं भरलेलं आणि प्रथिनांनी रिकामं असतं, हा त्याचा आरोप खरा आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलंय की, आपण बारीक दिसलो तरी अंगात चरबी जास्त असते. 2022 साली आयसीएमआर-इंडियाब अभ्यासगटानं मधुमेहासाठी सुचवलं, की कर्बोदकं निम्म्याच्या आसपास आणा आणि प्रथिनं वाढवा. निम्म्यावर म्हणजे शून्यावर नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट, जी रीलमध्ये कुणी सांगत नाही. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेत असाल आणि अचानक भाकरी सोडली, तर साखर एकदम उतरून चक्कर येईल, माणूस बेशुद्धही पडेल. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर कडक कीटो केला, तर रक्तात आम्ल वाढतं आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र जवळपास नॉर्मल दिसू शकते. उलट्या, धाप, पोटदुखी असेल तर मशीनवर विसंबू नका, थेट दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच नको.

बाकीच्यांनी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. घरात एकच चूल असताना हे ताट वर्षभर निघेल का? भाकरीच्या जागी डाळ, उसळ, अंडी, मासे, पनीर, भाजी येणार आहे, की नुसतीच भूक? आणि तीन महिन्यांनी काट्याबरोबर कंबर, साखर, कोलेस्टेरॉलही मोजणार का? तिन्हीला ‘होय’ असेल तर करून बघा. नाहीतर साखर, मैदा, गोड पेयं बंद करा, तीन भाकऱ्यांच्या दोन करा आणि उसळीची वाटी मोठी घ्या. आमच्या मते बहुतेकांचं काम तेवढ्यानंच सुरू होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.