तीन बटणं आणि मळत जाणारा सूर

बॉस कंपनीचं डीएम-२ हे डिले पेडल १९८१मध्ये आलं. गिटार आणि अॅम्प यांच्यामध्ये जोडायची, पायानं चालू-बंद करायची छोटी डबी. तिच्यावर फिरवायची बटणं तीनच. रिपीट रेट ठरवतं प्रतिध्वनी किती वेळानं येणार, इको ठरवतं तो किती मोठा, आणि इंटेन्सिटी ठरवतं तो किती वेळा.

आत बकेट-ब्रिगेड चिप असते. आग विझवताना माणसं रांगेनं बादल्या पुढे देतात, तसा आवाज हजारो टप्प्यांतून विद्युतभाराच्या रूपात सरकत जातो. उशीर वाढवायचा तर हे सरकणं संथ करावं लागतं. मग वरचे, चमकदार स्वर टिकत नाहीत. शिवाय प्रत्येक फेरीत सूर आणखी मळतो.

याला सगळे ‘उबदार’ म्हणतात. मला हा शब्द आळशी वाटतो. खरं तर ही झीज आहे, आणि ती उपयोगाची आहे. जुना सूर मंद झाल्यामुळे तो नव्या सुराच्या मागे जाऊन बसतो, त्याच्याशी भांडत नाही. डिजिटल डिलेचा लख्ख प्रतिध्वनी मात्र वाजवणाऱ्याच्याच अंगावर येऊ शकतो.

मर्यादाही खरी आहे. डीएम-२ची धाव सुमारे ३०० मिलिसेकंदांची. १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते, म्हणजे पूर्ण मात्रेचा उशीर इथे मिळतच नाही.

डिलेमागे कच्चं वादन लपतं, हा आक्षेप नेहमीचा. ‘पेडल बंद करून ऐका, काय उरतं बघा’ ही कसोटीही नेहमीचीच. पण ती अपुरी आहे. यू-टूचा एज सुरुवातीच्या काळात डिलक्स मेमरी मॅन हे अॅनालॉग पेडल वापरायचा. तिथे प्रतिध्वनी काढला तर चालच अर्धी होते, कारण ती प्रतिध्वनी धरूनच रचलेली आहे. म्हणून विचारायचं ते वेगळं: वाजवणाऱ्यानं उत्तरासाठी जागा सोडली आहे का? जागा नसेल, तर इंटेन्सिटी वाढवून फक्त चिखल होतो.

आणि हेच बटण शेवटपर्यंत फिरवलं की डबी स्वतःलाच ऐकत एकटी घोंगावू लागते. तेव्हा रिपीट रेट हलवा, सूर वर-खाली घसरतो. तारांना हात न लावताही वादन चालू राहतं. फक्त कुठे थांबायचं, हे सांगणारं चौथं बटण त्यावर नाही.