रहस्य : बाहेरचे आणि आतले

एप्रिलचा मध्य उलटला, की आमच्या कचेरीत रजेच्या अर्जांचा ढीग वाढू लागतो. सर्जापूर रोडच्या आसपास राहणारी आम्ही चार-सहा मराठी माणसे अशा वेळी एकमेकांस दोन ठरावीक प्रश्न विचारतो : तिकिटे मिळाली काय, आणि वाचावयास काय नेणार? उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरहून मुंबई गाठावयास जवळजवळ एक अहोरात्र लागते, आणि पुढे गावाकडच्या लांबच लांब दुपारी असतातच. तेव्हा दुसरा प्रश्न अगदीच निरर्थक नव्हे. परंतु त्याचे उत्तर देताना बहुतेकांची जीभ किंचित अडखळते. ओठांवर नाव येते ते 'कोसला'चे. पिशवीत असतात नारायण धारप.

हा संकोच मला परका नाही. अंतर्मुख कादंबरी म्हणजे साहित्य आणि रहस्यकथा म्हणजे वेळ घालविण्याचे साधन, अशी वाटणी मीही पदवीच्या वर्गात शिकलो आणि पुढे तिची कधी तपासणी केली नाही. तीन वर्षांपूर्वी बदलीचा हुकूम हाती पडला, तेव्हा सामानाचे वजन कमी करावे म्हणून वडिलांनी जपलेली बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके मी रद्दीत घातली. दोन-तीन तेवढी चुकून पेटीच्या तळाशी राहिली. त्या कृत्याचे समर्थन आज मला करता येत नाही, आणि हा लेख लिहिण्याचे एक कारण तेच आहे.

रहस्यकथा आणि अंतर्मुख कथा या परस्परांच्या वैरिणी नव्हेत, सख्ख्या बहिणी आहेत. दोघीही वाचकापासून काहीतरी लपवितात आणि त्या लपविण्याच्या बळावर त्याला पुढे नेतात. भेद एवढाच, की पहिलीत रहस्य बाहेर असते : कपाटात, तळघरात, मुखवट्याआड. दुसरीत ते सांगणाऱ्याच्याच मनात असते, आणि पुष्कळदा त्याचे त्यालाही ठाऊक नसते. डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या १८६६ सालच्या कादंबरीत खुनी कोण हे वाचकाला आरंभापासून माहीत असते. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. खून केला कोणी, याऐवजी खून करणाऱ्याचे पुढे काय होते, हा तेथे उत्कंठेचा विषय आहे.

हा निकष लावून पाहिल्यास अर्नाळकरांचे यश आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने झुंजार, काळापहाड, धनंजय यांच्या रूपाने अक्षरओळख झालेल्या सामान्य मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली. त्यांचे वाक्य आखूड, गती वेगवान, आणि प्रकरण नेमके कोठे तोडावे याची जाण पक्की. परंतु रहस्य उलगडले, की पुस्तक संपते. दुसऱ्यांदा वाचण्यासारखे मागे काही उरत नाही. कारण त्या माणसांना बाहेरची बाजूच तेवढी आहे.

धारप याच्या एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या 'लुचाई'वर स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट'ची दाट छाया आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि उसन्या भयाला मराठी घराचा उंबरा मिळवून देणे हे काम वाटते तितके सोपे नाही. त्यांचे निवेदक सहसा तुमच्याआमच्यासारखे नेमस्त आणि हिशेबी गृहस्थ असतात. म्हणूनच त्यांचा थरकाप आपल्याला खरा वाटतो. आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत, 'खेकडा' या संग्रहापासूनच, भीतीचे बीज अंधारात नसून माणसाच्या वासनेत आहे असे दिसू लागते. तेथे दोन्ही बहिणींची गाठ पडते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. प्रवासात वाचण्यासाठी विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'इतके योग्य पुस्तक मला दुसरे ठाऊक नाही. युरोपातून मुंबईस येणारी बोट, पूर्वीच्या प्रेमभंगाने मन निबर झालेला चक्रधर, आणि जर्मनीतून हुसकावलेली ज्यू तरुणी हेर्टा. सारा पट थोड्या दिवसांचा. ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्या उतारूंना माहीत नव्हते. आपल्याला माहीत आहे. उत्कंठेचा हा उलटा प्रकार कोणत्याही रहस्यकथेहून जीवघेणा आहे. मात्र येथे प्रश्न चक्रधरच्या मनाचा आहे : तो प्रेम करू शकतो की नाही, आणि हे त्याला वेळेवर कळणार की नाही?

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) बहुतेकांनी कॉलेजात वाचलेली असते. ती आता, तिशीनंतर, पुन्हा वाचावी. खेड्यातून पुण्यास आलेल्या पांडुरंग सांगवीकराचा उपरेपणा परप्रांती नोकरी करणाऱ्याला निराळाच कळतो. त्यातला रोजनिशीचा भाग तर स्टेशनागणिक थांबत वाचण्याजोगा आहे. तिच्यातील तक्रारीचा सूर कधीकधी लांबतो. पण बहिणीच्या मृत्यूशी आल्यावर तोच सूर असा गप्प होतो, की लांबल्याचा राग राहत नाही.

आणि एकच कथा वाचण्याइतकी सवड असेल, तर जी. ए. कुलकर्णी यांची 'स्वामी' वाचावी. धारवाडात इंग्रजीचे अध्यापन करीत मराठी कथा लिहिणारा हा लेखक आम्हा कर्नाटकवासीयांना तर विशेष जवळचा. 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहातील या कथेत एक वाट चुकलेला प्रवासी एका मठात आश्रय घेतो आणि आपण पाहुणे नसून बंदी आहोत हे त्याला हळूहळू उमगते. आरंभीची घडण निखळ रहस्यकथेची : अपरिचित गाव, आतिथ्य, मिटणारे दार. परंतु दार मिटल्यावर खरी कथा सुरू होते. सुटका होईल काय, हा प्रश्न मागे पडतो आणि सुटका म्हणजे काय, हा पुढे येतो. बाहेरचे रहस्य आतले कसे होते, हे यापेक्षा स्वच्छ मराठीत कोणी दाखविलेले मला आढळले नाही.

शेवटी घरची एक गोष्ट. माझ्या मुलाच्या शाळेत मराठी नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याची भाषा सुटू नये म्हणून मी एकामागून एक उत्तम पुस्तके त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती अदबीने मिटली. एका दुपारी, विजेवाचून पंखा बंद असताना, तो पेटीवर पालथा पडून वाचताना दिसला. हातात होते रद्दीतून वाचलेले अर्नाळकर. अडलेला शब्द त्याने मला विचारला, पण पान सोडले नाही. संध्याकाळी त्याने विचारले, "बाबा, अशी आणखी आहेत?" मला मान खाली घालावी लागली.

म्हणून यंदाच्या पेटीत दोन्ही प्रकार असोत, आणि उघडपणे असोत. मुलांनी बाहेरच्या दाराने यावे. आतल्या खोल्या त्यांना यथाकाल सापडतील. आपण मात्र आतले दार लोटून पाहण्याच्या वयाचे झालो आहोत. त्याला एवढी लांब रजा वर्षातून एकदाच मिळते.