तेरा घटकांची कॅप्सूल आणि एक चाचणी

‘लियानहुआ चिंगवेन’ हे चिनी औषध २००३ च्या सार्सच्या साथीत तयार झाले. हनीसकलची फुले, ज्येष्ठमध, रेवंदचिनी, जिप्सम, मेंथॉल असे तेरा घटक त्यात आहेत. एप्रिल २०२० मध्ये चीनच्या औषध नियंत्रकांनी सौम्य व मध्यम कोविडसाठीही ते मान्य केले. या औषधाच्या बाजूने ज्या चाचणीचा वारंवार दाखला दिला गेला, ती त्याच वर्षी ‘फायटोमेडिसिन’ या नियतकालिकात आली. ती आम्ही आकडे मांडत वाचली.

रुग्ण २८४, दोन गट, प्रत्येकी १४२. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार. एका गटाला शिवाय ही कॅप्सूल. चौदा दिवसांत ताप, थकवा, खोकला ही लक्षणे ओसरलेले रुग्ण कॅप्सूलच्या गटात ९१.५ टक्के, दुसऱ्यात ८२.४ टक्के. म्हणजे १३० आणि ११७. कॅप्सूल न घेताही शंभरातले ८२ जण बरे झाले, हे आधी फळ्यावर लिहावे!

उरला फरक १३ रुग्णांचा. तो औषधाचाच का? येथे गाडी अडते. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल (प्लासिबो) दिलेली नव्हती. आपल्याला जादा काही मिळते आहे हे रुग्णाला माहीत, डॉक्टरांनाही माहीत. ताप थर्मामीटर सांगतो. थकवा किती उतरला हे मात्र रुग्णालाच विचारावे लागते. शिवाय विषाणू नाहीसा होण्याच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही ओळ जाहिरातीत येत नाही.

म्हणून सगळा झाडपाला निरुपयोगी म्हणायचे का? तेही आम्हाला पटत नाही. याच कॅप्सूलमध्ये मा हुआंग म्हणजे एफेड्रा ही वनस्पती आहे. तिच्यातून नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली एफेड्रीन वेगळे केले. १९२४ मध्ये पेकिंगला चेन आणि श्मिट यांनी त्याचे परिणाम तपासले आणि दम्यावर जगभर ते वापरले गेले. एफेड्रीनने श्वासनलिका रुंदावतात; रक्तदाबही वाढतो, छाती धडधडते. असा घटक असलेल्या औषधाने श्वासाला आराम पडला तर नवल नाही. पण आराम पडणे निराळे आणि विषाणू मरणे निराळे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत प्लासिबो होता, आणि तरीही लक्षणे लवकर ओसरली. हे औषधाच्या बाजूचे आहे व ते मान्य केले पाहिजे. मात्र मान्यता आधीच, २०२० मध्ये मिळाली होती. या दोन्ही चाचण्यांतले लोक कोविड झालेले होते. २०२२ च्या टाळेबंदीत शांघायमध्ये हीच खोकी घरोघर वाटली गेली. त्या घरांतली बहुतेक माणसे निरोगी होती.