सैल मिठी

निकेल टेट्राकार्बोनिलच्या कहाणीत मी दर वेळी एकाच जागी रेंगाळतो. लंडनमध्ये लुडविग माँड यांच्या प्रयोगशाळेत कार्ल लांगर आणि फ्रीड्रिख क्विंके तापलेल्या निकेलच्या बारीक भुकटीवरून कार्बन मोनॉक्साइड सोडत होते. माँड यांच्या कारखान्यातल्या निकेलच्या झडपांवर काजळी धरून त्या गळू लागल्या होत्या, तिचा हा तपास. नळीतून बाहेर पडणारा विषारी वायू खोलीत पसरू नये म्हणून ते तो पेटवून देत. भट्टी विझवली, नळी निवत गेली, आणि फिकट निळी ज्योत एकाएकी उजळली. तिच्यावर चिनी मातीचा थंड तुकडा धरला तर त्यावर धातूचे डाग उमटले. निकेल, १,४०० अंशांच्याही वर वितळणारा धातू, वायू होऊन नळीतून बाहेर आला होता!

नळी निवताना हे घडलं, यातच सगळी खुमारी आहे. साधारण ५० ते ६० अंशांवर निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड जुळतात; २०० अंशांच्या पुढे नेलं की सुटतात. १८९० साली जाहीर झालेलं हे संयुग म्हणजे ४३ अंशांना उकळणारा बिनरंगी द्रव. त्याच्या वजनात निकेल जेमतेम एक तृतीयांश.

रेणूची घडण पाहावी तर मधोमध निकेल, चौफेर चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर चार कार्बन मोनॉक्साइड. निकेलचे २८ इलेक्ट्रॉन, चौघांनी प्रत्येकी दोन दिले, बेरीज ३६. क्रिप्टॉनची संख्या! निकेलवर भार शून्य. धातूने काही गमावलेलं नाही. उलट तो परतफेड करतो. कार्बनकडून आलेली जोडी घेताना तो स्वतःचे इलेक्ट्रॉन कार्बन मोनॉक्साइडच्या रिकाम्या कक्षकांत सरकवतो. हे नुसतं कल्पनेचं चित्र नव्हे. त्या परतफेडीने कार्बन-ऑक्सिजन बंध किंचित सैलावतो आणि अवरक्त वर्णपटात त्याच्या स्पंदनाची तरंगसंख्या दर सेंटीमीटरला २१४३ वरून २०६०च्या आसपास उतरते.

पण निकेल देतो ते हात राखूनच. म्हणून ही मिठी सैल आहे, आणि मला तरी या रेणूचं खरं सौंदर्य तिथेच दिसतं. मिठी घट्ट असती तर धातू परत मिळवणं अवघड झालं असतं. अशुद्ध निकेलमधलं कोबाल्ट, तांबं या साध्या परिस्थितीत वायूसोबत उठत नाही. निकेल तेवढा उठतो. या सैलपणाची दुसरी बाजू भयंकर आहे. या द्रवाची वाफ नुसत्या कार्बन मोनॉक्साइडहून कितीतरी जहाल, फुप्फुसांत शिरून जीव घेणारी. त्याचं कौतुक करायचं ते बंद नळीच्या अलीकडे उभं राहूनच.

वेल्समधल्या क्लायडाकला १९०२ मध्ये याच रेणूवर कारखाना उभा राहिला. तिथे ही वाफ निकेलच्या तापलेल्या गोळ्यांमधून जाते. संक्रांतीच्या हलव्यात तिळावर पाकाची पुटं चढावीत, तसा गोळ्यांवर थरावर थर चढतो, ९९.९ टक्क्यांहून शुद्ध निकेलचा. सुटलेला कार्बन मोनॉक्साइड पुन्हा मागे वळतो, अशुद्ध भुकटीकडे, पुढचा निकेल उचलायला.