सूची आणि शिफारस

ग्रंथसूचीचा थोर गुण असा, की तिला आवडनिवड नसते. ‘मेघदूत’ असो की लोणच्यांचे पुस्तक, लाकडी खणातले कार्ड दोघांनाही एकाच मापाचे! आता ही सूची संगणकावर आली आहे. अमेरिकेतील ओहायो येथे १९७१ साली सुरू झालेली ‘वर्ल्डकॅट’ ही अनेक ग्रंथालयांची सामायिक सूची २००६ पासून कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागली. तिच्यातील नोंदी गूगलच्या शोधातही आल्या. पुढे ‘लायब्ररीथिंग’ने वाचकांचे अभिप्राय ग्रंथालयांच्या सूचीत नेऊन बसविले.

हे स्वागतार्हच आहे. पुस्तक कुठे आहे ते सूची सांगते. ते घरी न्यावे की नाही, हे वाचकच वाचकाला सांगू जाणे. तथापि एक भय आहे. अभिप्राय बहुधा गाजलेल्या पुस्तकांच्याच वाट्याला येतात. त्यांच्या संख्येवर क्रम लावला, की उपेक्षित पुस्तक अधिकच तळाशी जाते. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितलेला नियम तिथे मोडतो.

म्हणून अभिप्राय नोंदीशेजारी अवश्य असावेत. क्रम मात्र त्यांच्या हाती देऊ नये. वाढप्याने तोंड पाहून वाढू नये, इतकेच!